पास आऊट झालात की चक्कर आली?

काल अमेरिकेतल्या टीमसोबत कॉल होता, सगळे आपापली ओळख करून देत होते, मी पण ऐटीत बोलून गेलो, आय पास्ड आऊट इन २००९. तिकडची मॅनेजर एकदम काळजीत, आर यू ओके नाऊ? नंतर कळलं की त्यांच्याकडे पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं, नाहीतर पिऊन आडवं होणं. माझं इंजिनिअरिंग बघता तेही फार खोटं नाही म्हणा. तर या 'पास'ने तुमची कुठे कुठे फजिती केलीये, लिहा.

---

आपलं चूक नाहीये ओ. लष्करात ट्रेनिंग संपवून बाहेर पडणं म्हणजे पास आऊटच, ब्रिटिशांचीच देणगी. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड बघायला गेलेलो, भाचा होता. मे महिन्याचं ऊन, शेजारच्या काकू अमेरिकन अर्थाने पास आऊट.

---

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. भूल दिल्यावर आतडी सुस्तावतात, गॅस सरला की चालू झाली असं धरतात नि मग खायला देतात, म्हणून सिस्टर दर दोन तासांनी येऊन विचारायची, आजोबा गॅस पास झाला का? तिसऱ्या दिवशी म्हणे, मोशन पास झालं का? बाबा १२ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. गुंगीतच म्हणाले, नाही हो, कोरमच नव्हता. अख्खा वॉर्ड हसला, सिस्टरला मात्र आम्ही का हसतोय तेच कळेना.

---

बंगळुरूत नवीन असताना ऑफिसातल्या पार्किंगवाल्याला सांगितलं, माय कार इज कोल्हापूर पासिंग. तो म्हणे, पासिंग व्हेअर? अरे बाबा एमएच ०९! आपल्याकडे गाडी 'पासिंग'ला नेतात, 'बारा पासिंग' म्हटलं की पुण्याची हे शेंबड्या पोरालाही कळतं.

---

माझा किस्सा हसण्यासारखा नाही. लेस्टरला राहायला येऊन महिनाच झालेला. शेजारच्यांच्या गाडीवर लाल एल लावलेला, शिकाऊ ड्रायव्हरचा, त्यामुळे लेक गेटवर भेटून म्हणाली, मम पास्ड ऑन ट्यूसडे, तर मला वाटलं टेस्ट पास झाली. मी मोठ्याने काँग्रॅच्युलेशन्स म्हणाले. ती नुसती बघत राहिली. 'अवे' लावलंच नव्हतं तिने, इथे बरेच जण लावत नाहीत. एल त्या मुलीचाच होता. संध्याकाळी भात-आमटी घेऊन गेले, काय बोलायचं सुचेना, तीच म्हणाली, इट्स ओके, मम वुड हॅव लाफ्ड.

---

वरचं वाचून दोन मिनिटं थांबले.

आमच्या आजीला इंग्रजी एवढाच एक शब्द यायचा. बदाम सात खेळताना हातात पान असलं तरी बिनदिक्कत, पास!