जनमसाखी : यातली ‘साखी’ म्हणजे काय?

प्रश्न : गुरू नानकांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘जनमसाखी’ हा शब्द सारखा येतो. साखी म्हणजे कबीराचा दोहा, एवढंच मला माहीत. पण जनमसाख्या, म्हणजे नानकांच्या आयुष्यातले प्रसंग सांगणारे ग्रंथ, तर गद्यात आहेत. कोशात ‘साक्ष’ हा अर्थ मिळतो. मग लिहू काय? जन्मकथा, चरित्र की बखर?

उत्तर : ‘साक्ष’ हाच मूळ धागा, तो सोडू नका. साक्षीवरून साखी झाली, जसं आपल्याकडे लक्षाचं लाख. कबीराची साखी ही अनुभवाची ग्वाही. जनमसाखीतली साखी ही नानकांच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाची ग्वाही, श्रद्धावंतांनी दिलेली. पंजाबीत आजही एखादा प्रसंग सांगायचा तर ‘साखी सुणाउणी’ म्हणतात.

गुरुबाणीत, म्हणजे शीख धर्मग्रंथातल्या वाणीत, आणखी एक छटा आहे. रोज रात्री म्हटल्या जाणाऱ्या ‘सोहिला’ या प्रार्थनेत नानकांची आरती येते. त्यात ‘गुर साखी जोति परगटु होइ’ अशी ओळ आहे. इथे साखी म्हणजे गुरूची शिकवण. तिघींचं कूळ एकच. गंमत म्हणजे, उत्तरेत ज्यांना कबीराच्या साख्या म्हणतात ते दोहे गुरू ग्रंथसाहिबात ‘सलोक’ या नावाखाली आहेत. म्हणून पंजाबी माणसाला साखी म्हटल्यावर आधी गोष्ट आठवते, दोहा नाही.

‘चरित्र’ मात्र टाळा. चरित्रात एकसंध, कालक्रमाने रचलेलं आयुष्य अपेक्षित असतं. जनमसाख्या अनेक परंपरांतल्या आहेत : पुरातन, बाला, मिहरबान. त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळतातच असं नाही. पुरातन परंपरेत नानकांचा जन्म १४६९ च्या वैशाखातला, तर बाला परंपरेत कार्तिकी पौर्णिमेचा, आणि आज गुरुपर्व, म्हणजे नानकजयंती, कार्तिकीलाच साजरं होतं. बाला परंपरा भाई बाला या सोबत्याच्या तोंडून सगळं सांगते. पुरातनमध्ये नानकांचा दुसरा सोबती मर्दाना आहे, बाला नाही. या विसंगती पुसून एक सलग गोष्ट केलीत तर या ग्रंथांचा जीवच जाईल. ‘बी-४०’ नावाने ओळखली जाणारी १७३३ ची सचित्र प्रत लंडनला आहे. तिच्यात नानक आणि मर्दाना एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना दिसतात, आणि प्रत्येक प्रसंग आपल्या जागी पुरा असतो.

प्रतिसाद : ‘बखर’ काय वाईट? मराठी वाचकाला लगेच कळेल.

उत्तर : कळेल, पण चुकीचं कळेल. बखर म्हटलं की राज्यकारभार, लढाया, घराणी डोळ्यांसमोर येतात. जवळचा शब्द हवाच असेल तर महानुभावांची ‘लीळा’ पाहा. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या. लीळाही सुटी, गद्य, बोलीतली आणि ऐकलेल्याला जपणारी. तरी लीळेत अवताराचा खेळ हा भाव आहे आणि साखीत ग्वाहीचा. म्हणून तोही शब्द तिथे जसाच्या तसा नेऊ नये.

प्रतिसाद : पंजाबातल्या सुलतानपूर लोधी गावची साखी उदाहरणाला घ्या. नानक मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, धान्य तोलत होते. मोजता मोजता तेरावर आले आणि ‘तेरा, तेरा’ म्हणतच राहिले : सगळं तुझंच. पंजाबीत तेराला ‘तेरां’ म्हणतात, ‘तुझा’ला ‘तेरा’. तिथल्या हट्ट साहिब गुरुद्वाऱ्यात त्या काळची वजनं म्हणून दगड जपले आहेत. मराठीत आकडा आपोआप पोचतो, ‘तुझा’ तेवढा सांगावा लागतो.

उत्तर : अगदी हीच घ्या. माझं मत असं : शब्द ‘जनमसाखी’च ठेवा, पहिल्यांदा आला की पुढे ‘गुरू नानकांच्या जीवनप्रसंगांचा संग्रह’ एवढं लिहा, आणि सुट्या प्रसंगाला बिनदिक्कत ‘साखी’ म्हणा. अनेकवचन ‘साख्या’. नांदेडच्या हजूर साहिबमुळे गुरुद्वारा, लंगर हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत, साखीही रुळेल.