मदत हवी आहे: विरघळणारा हाडाचा स्क्रू बसवतानाच तुटतो

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी घोट्याच्या हाडाला लागणारा, शरीरात विरघळणारा स्क्रू करतोय. पीएलएलए या विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये (प्लास्टिकमध्ये) हाडातल्यासारखं कॅल्शियमचं खनिज, वजनाने 10 टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, इंजेक्शन मोल्डिंग, व्यास 4.5 मिमी. हाडाच्या जागी वापरायच्या चाचणीच्या फोममध्ये पिळताना डोक्याखालीच तुटतो, आधी भोक आणि आटे पाडूनसुद्धा.

हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट 20 टक्के केलं तर कडकपणा वाढला, पण स्क्रू ठिसूळ झाला. मोल्डिंगचे दाणे व्हॅक्यूममध्ये वाळवूनच वापरतो. ओल राहिली की मोल्डिंगमध्येच पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, हे एकदा भोगलंय. डोक्याखालची गोलाई वाढवली, किंचित फरक पडला.

कृपया मॅग्नेशियम सुचवू नका. ताकद आहे, पण हायड्रोजन वायूचं लचांड वेगळंच, आणि आमच्याकडे सोय नाही. वाफेचं निर्जंतुकीकरणही बाद, त्याऐवजी इथिलीन ऑक्साइड वायू धरलाय. पकड 12 आठवडे टिकायला हवी.

आता दांडा आधी गरम करून ओढायचा, म्हणजे रेणू लांबीच्या दिशेने लागतील, आणि मग लेथवर आटे कापायचे असा विचार आहे. वाकण्यात हा दांडा भारी ठरेल, पण पिळाला? आट्यांच्या मुळाशी तो उभा चिरतो का? कोणी केलं असेल तर किती पट ओढलात आणि तापमान किती ठेवलंत?