मशिदीच्या भोंग्याविरुद्धच्या निवेदनावर मी सही केली नाही

लष्करकर:

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर मोहल्ल्यातली चार माणसं घरी आली. हातात पोलीस थान्याला द्यायचं निवेदन होतं. मागच्या गल्लीतल्या मशिदीचे भोंगे उतरवावेत, एवढी एकच मागणी. बावीस सह्या आधीच झाल्या होत्या, त्यात माझ्या चुलतभावाचीही. मी सही केली नाही. तेव्हापासून जिन्यात भेटेल तो कारण विचारतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. आई पंच्याऐंशीची आहे, मागच्या खोलीत झोपते. मे-जूनमध्ये फज्रची, म्हणजे पहाटेची, अजान सव्वाचारच्या सुमारास होते आणि एका भोंग्याचं तोंड सरळ तिच्या खिडकीकडे आहे. ती दचकून उठते, उशाशी चाचपडत चष्मा शोधते आणि सकाळ झाली समजून आंघोळीचं पाणी काढायला सांगते. पुन्हा झोप लागत नाही. हे मी रोज बघतो.

पण त्याच आईला अनंत चतुर्दशीला मी उचलून पुढच्या खोलीत आणलं होतं. खिडकीखाली डीजेची गाडी पाऊण तास थांबली होती. फडताळातल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर आपटत होत्या, आईने दोन्ही हातांनी छाती धरली होती. त्या दिवशी निवेदन कुणी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही, त्याची मला आजही टोचणी आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही ठरावीक सणांना. या नियमात मशीद, मंदिर, मंडळ असा फरक कुठेही नाही. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी १३ डिसेंबर २०२३ ला शपथ घेतली, त्याच दिवशीचा त्यांचा पहिला आदेश याच विषयावर होता. त्यातही धार्मिक स्थळं आणि इतर ठिकाणं दोन्ही आहेत. मग आमच्या निवेदनात एकच नाव का? मी त्या चौघांना म्हणालो, डीजेचं वाक्य घाला, आत्ता सही करतो. ते म्हणाले, "तो विषय वेगळा."

आपण ग्वाल्हेरचे लोक आहोत. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर दर डिसेंबरला समारोह सुरू होतो तो सनईने, मग ढोलीबुवांच्या गादीची हरिकथा होते आणि त्याच ठिकाणी मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी दोन्ही ऐकलंय. तिथे कुणी कुणाचा आवाज मोजत बसत नाही. आपल्या गल्लीत मोजायचाच असेल तर सगळ्यांचा मोजू.

जीवाजीगंज:

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमची तुलना मुळातच चुकते. गणपतीची मिरवणूक वर्षातून एकदा. अजान रोज पाच वेळा, म्हणजे वर्षाला अठराशेच्या वर. एका दिवसाचा त्रास आणि जन्मभराचा त्रास एका तराजूत कसे घालता?

दुसरं, कोर्टांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. सन २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रासच्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलं की शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही. अलाहाबाद हायकोर्टाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं की अजान इस्लामचा आवश्यक भाग आहे, लाउडस्पीकर नाही. मुअज्जिनने, म्हणजे अजान देणाऱ्याने, मिनारावरून तोंडाने अजान द्यावी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही तेच म्हटलं. धर्मस्वातंत्र्य देणारं घटनेचं पंचविसावं कलमच सार्वजनिक सुव्यवस्था आणि आरोग्याच्या अटीने सुरू होतं.

आणि तानसेनचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. तिथे लोक आपल्या पायांनी जातात. माझ्या उशाशी कुणी मीलाद आणून ठेवत नाही. माझी मुलगी बारावीला आहे, रात्री एकला झोपते. तिने चारला का उठायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. यात मला कुणाचाही द्वेष नाही आणि कुणी तसं म्हणालं तर मला ते फार लागतं.

मिरजेची माहेरवाशीण:

माझं माहेर मिरज, सासर ग्वाल्हेर, धर्म मुसलमान. मराठीत भांडायची सवय माहेरची, म्हणून या चर्चेत उतरते.

जीवाजीगंजदादा, तुमच्या मुलीच्या झोपेचा प्रश्न मला खरा वाटतो. माझा मुलगाही त्याच वयाचा आहे आणि तोही फज्रला कुरकुरतो. फज्रच्या अजानीत एक ओळ जास्त असते, बाकी चार वेळांना ती नसते: अस्सलातु खैरुम मिनन नौम, झोपेपेक्षा नमाज चांगली. ती ओळ ज्याला नमाजाला उठायचंय त्याच्यासाठी आहे. तुमच्या मुलीसाठी नाही, हे मी मान्य करते.

पण तुम्ही कोर्टाचे निकाल वाचताना एक गाळलात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरात हायकोर्टाकडे अजानचे भोंगे बंद करा अशी याचिका आली. कोर्टाने ती फेटाळली. अजान एका वेळी दहा मिनिटंही चालत नाही, म्हणाले, आणि पहाटेच्या आरतीतल्या ढोल-घंटांचं काय, असंही विचारलं.

आता घरातलं सांगते. २०२३ च्या डिसेंबरात आदेश निघाला तेव्हा आमच्या मशिदीत चार भोंगे होते. माझे सासरे कमिटीत आहेत. त्यांनी दोन स्वतः उतरवून घेतले, थान्याचा माणूस यायच्या आत. घरी आले आणि ओट्यावर गप्प बसून राहिले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "बेटा, आवाज कम करने में कोई बुराई नहीं थी। कोई पड़ोसी पहले आके कह देता।" चाळीस वर्षं त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्याने एकदाही काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते सरकारने. तुम्हाला सही करताना ती चार पावलं चालायला जड का गेली, हे मला समजून घ्यायचंय.

मांडववाला:

बत्तीस वर्षं साउंडचा धंदा आहे. गणपती, देवी, उर्स, लग्न, सगळीकडे माझेच भोंगे लागतात. कायद्यातलं मला कळत नाही, आवाजाचं सांगतो.

भोंगा म्हणजे हॉर्न. त्याचं काम आवाज एका दिशेला फेकणं. त्याच्यापासून एका मीटरवर ११० डेसिबल धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ कमी होतात. म्हणजे ३२ मीटरवर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, अजून ८० उरतात. रात्रीची मर्यादा ४५. अरुंद गल्लीत भिंतींवर आपटून तो आणखी फिरतो. भोंग्याचं तोंड खिडकीसमोर असेल तर आजीबाई उठणारच. त्याला इलाज आहे: भोंगा काढा, दोन छोटे कॉलम स्पीकर खालच्या उंचीवर अंगणाकडे तोंड करून लावा, आणि अॅम्प्लिफायरच्या बटणावर रंगाची खूण करून ठेवा की याच्या पुढे नाही. मी दोन मशिदींत आणि एका दत्तमंदिरात हे काम केलंय. दत्तमंदिरात कार्तिकात काकड आरती असते, पहाटे पाचला, तिथेही शेजारी वैतागले होते.

डीजेचं वेगळं. नियमात डेसिबल 'ए' माप धरलंय, त्यात खालचे सूर कमी मोजले जातात. डीजेचा सगळा जोर खालच्या सुरांतच. त्यामुळे मीटर जे दाखवतो त्यापेक्षा छातीला बसतं ते जास्त. बरण्या वाजल्या म्हणता ना, ते भोंग्याने होत नाही. दोन वर्षांपासून मी मिरवणुकीला बास-बिनची, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरची, गाडी देत नाही. धंदा कमी झाला. माझाच एक कान गेलाय, म्हणून ठरवलं.

वकिलीण:

मांडववाल्यांच्या मुद्द्याला जोडून: मुंबई हायकोर्टाच्या त्याच २०२५ च्या निकालात आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवण्याचा विचार करायला सांगितलंय, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा असंही. आपल्या राज्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण रस्ता दाखवतो. तक्रार एकट्यानेही करता येते. बावीस सह्यांची गरज कायद्याला नाही. मग सह्या कशासाठी गोळा होतात, हा प्रश्न मला लष्करकरांइतकाच पडलाय.

जीवाजीगंज:

ताई, तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण "आधी येऊन सांगायचं होतं" हे मला पटत नाही. जो हक्क मला कायद्याने दिलाय, तो मागायला मी शेजाऱ्याच्या दारात का जायचं? तो चांगला माणूस निघाला तर आवाज कमी होईल, नाही निघाला तर भांडण. माझी झोप कुणाच्या चांगुलपणावर ठेवायला मी तयार नाही. आणि चाळीस वर्षं कुणी बोललं नाही कारण बोललं की "तुम्ही कोण?" असं होतं. हे भय दोन्ही बाजूंना आहे, आमच्याही.

मोबाइलमध्ये अजानची वेळ वाजते, मग भोंगा हवाच का? आणि रमजानमध्ये सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, "उठो, जागो, आधा घंटा बाकी है" अशा घोषणा तासभर चालतात, त्या तरी अजान नाहीत ना?

वकिलीणबाई, सह्या कशासाठी, ते सांगतो. एकट्याची तक्रार आमच्याकडे कुणी उचलत नाही. मी दोनदा करून बघितली.

मिरजेची माहेरवाशीण:

सहरीच्या घोषणा अजान नाहीत. त्या बंद व्हाव्यात असं माझंही मत आहे, आणि ते मी घरात बोलले आहे. आता सगळ्यांच्या घरी घड्याळ आहे.

मोबाइलचं म्हणाल तर माझ्या फोनमध्येही अजान वाजते. पण सासूबाईंना फोन वापरता येत नाही, आणि त्यांना मगरिबची अजान ऐकली की रोजा सोडायचा एवढंच ठाऊक आहे. हातात खजूर धरून त्या खिडकीकडे कान देऊन बसतात. मगरिब संध्याकाळी असते, तुमच्या मुलीच्या झोपेत नाही. ती एक अजान, मोजून, ५५ च्या आत, ऐकू येऊ द्याल का? फज्र मी सोडून देते. हे मी कमिटीच्या वतीने बोलत नाही, तो हक्क मला नाही. माझ्या वतीने बोलते.

आणि भय आमच्याकडे कसलं आहे तेही सांगते. निवेदन थान्यात गेलं की दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो गावभर फिरतो. मग मशिदीसमोर मुद्दाम गाडी थांबते. सासऱ्यांना भोंग्याचं दुःख नाही, त्या गाडीची धास्ती आहे.

लष्करकर:

सगळं दोनदा वाचलं. जीवाजीगंज, तुझा मुद्दा मला अडवतो: हक्क मागायला दारात का जायचं. उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. मी काल मशिदीत गेलो होतो, आईचं सांगितलं. त्या भोंग्याचं तोंड फिरवू म्हणाले. आज पहाटे फिरलेलं नव्हतं. उद्या पुन्हा जाईन, आणि तरी नाही फिरलं तर एकट्याने तक्रार करीन, माझ्या नावाने. मांडववाल्यांनी वेळ दिली तर त्यांना सोबत नेतो.

निवेदन नव्याने लिहितोय. रात्री १० ते सकाळी ६ कुठलाही लाउडस्पीकर नको, दिवसा मर्यादेत हवा. मशीद, काकड आरती, देवीचा रात्रभराचा जगराता, सहरी आणि मिरवणुकीतला डीजे, सगळ्यांची नावं घालून.

जीवाजीगंज:

डीजेविरुद्ध वेगळं लिहा, पहिली सही माझी. पण मशिदीचं आधीचं निवेदन जाऊ द्या. दोन विषय, दोन कागद.

लष्करकर:

एकच कागद. दुसरा कागद कुणाच्या तरी टेबलाच्या खणात राहतो, हे तुलाही ठाऊक आहे. रविवारी सकाळी नऊला मी घरीच आहे, ये. चहा होईल आणि मजकूर तूच वाचून दाखव.