मदत हवी आहे : मावसबहिणीला नर्सिंग शिकायचंय

नमस्कार. माझी मावसबहीण परभणी जिल्ह्यातली. सहा वर्षं मार सोसला, शेवटी लेकराला कडेवर घेऊन नेसत्या वस्त्रानिशी माहेरी आली. बारावी सायन्स झालीय, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करायचंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार दिलीय, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळाला. अडलंय ते फीवर. शिष्यवृत्तीसाठी नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागतात, अन् मार्कशीट, टीसी सगळं सासरीच! काकांची, म्हणजे तिच्या वडिलांची, दोन एकर कोरडवाहू, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं. अशा बायकांच्या शिक्षणाला हात देणारी संस्था नांदेड, लातूर, संभाजीनगरकडं कुणाला माहीत आहे का? वेगळं राहणाऱ्या बाईच्या स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला कुणी काढलाय का? कोणते कागद लागले? लई हुशार आहे हो पोरगी. प्रवेशाला दिवस थोडेच उरलेत.