ऑनलाइन लिलावातील ‘ओरिजिनल लुक’ नाणे: परताव्याचा हक्क उरतो का?

सीताबर्डीकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरला राहतो आणि ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये जमवतो. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन लिलावात सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया घेतला. लॉटच्या (लिलावाला ठेवलेल्या वस्तूच्या) शीर्षकात ‘अति दुर्मीळ, चांदी, यूएनसी, १००% ओरिजिनल लुक’ असे शब्द होते आणि खाली तपशिलात ‘वजन ११.६६ ग्रॅम’ असे स्पष्ट लिहिले होते. बोली साडेअकरा हजारांवर सुटली. मात्र पैसे भरण्याच्या पानावर गेल्यावर बायर्स प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराकडून घेतली जाणारी जादा रक्कम), त्यावरचा जीएसटी आणि पाठवणीचा खर्च मिळून रक्कम चौदा हजारांच्या वर गेली.

नाणे इतवारीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर १०.९ ग्रॅम भरले. भिंगाखाली राजाच्या गालावर आणि सालाच्या आकड्यांभोवती सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि काठावर एके ठिकाणी रेघा पुसट होऊन कानस फिरवल्याच्या खुणा आहेत. विक्रेत्याचे उत्तर असे की, ‘आम्ही ओरिजिनल लुक म्हटले होते, ओरिजिनल म्हटले नव्हते, आणि लिलावातला माल जसा आहे तसा असतो, परत घेतला जात नाही.’ संकेतस्थळवाले स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवतात. विक्रेता परराज्यातला आहे. या अटीमुळे माझा हक्क खरोखरच संपतो का?

महालकर

कायद्याचे जाणकार सांगतीलच. मी नाण्यापुरते लिहितो. आपण वर्णन केलेले खड्डे ओतीव कामाचे आहेत. टाकसाळीतले नाणे ठशांच्या दाबाखाली तयार होते, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग घट्ट असतो. साच्यात धातू ओतला की हवेचे बुडबुडे राहतात, आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण काठावर उमटते. ती लपवण्यासाठीच कानस फिरवतात.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वजनाचा. १९३९पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे आणि वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चलनात फिरून झिजलेला रुपया हलका भरू शकतो, पण यूएनसी याचा अर्थच मुळी चलनात न फिरलेले नाणे. मग पाऊण ग्रॅम चांदी गेली कुठे? यूएनसी आणि ११.६६ ग्रॅम ही विक्रेत्याची दोन्ही विधाने काटाच खोटी पाडतो, आणि तक्रारीत हीच गोष्ट सर्वांत वर मांडावी. ‘अति दुर्मीळ’वर भांडत बसू नका, कारण दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ, हे कोणी ठरवायचे? साल, धातू आणि वजन मात्र मोजता येतात.

जाता जाता एक सांगतो. वजन बरोबर भरले असते तरी निश्चिंत राहता आले नसते. १९३८च्या अस्सल रुपयातला शेवटचा आकडा कोरून १९३९ केलेले नाणे काट्यावर आणि कसोटीवर पास होते. ‘रिस्ट्राइक’ हा शब्दही असाच हुशारीने वापरतात. टाकसाळीने जुन्या ठशांवरून नंतर काढलेल्या नाण्यांसाठी तो आहे; कोणाच्या तरी भट्टीतल्या नकलेला तो लावला की ग्राहकाला अधिकृतपणाचा भास होतो. रामदरबाराचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेले तुकडे आजही कंपनीची नाणी म्हणून विकले जातात; कंपनीने असले नाणे कधी काढलेच नव्हते.

सिव्हिल लाइन्स

सीताबर्डीकर भाऊ, ‘जसे आहे तसे’ ही अट अगदीच निरर्थक नाही. फोटोत दिसणारा ओरखडा किंवा डाग यांच्याबद्दल नंतर कुरकुर करता येत नाही, एवढे काम ती करते. परंतु जे विकले असे सांगितले, तेच मुळात दिले नाही, तर तिचा आडोसा पुरत नाही. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यानुसार वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही शर्त गृहीतच असते. त्याहून थेट उपयोगाचे म्हणजे २०२०चे ई-कॉमर्स नियम: माल बनावट असेल किंवा जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही.

‘लुक’ या शब्दामागे लपण्याची युक्तीही फारशी टिकणारी नाही. २०२२च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत असे आहे की, खुलासा मुख्य दाव्याच्या विरोधात जाणारा असू नये. शीर्षकात साल, चांदी आणि यूएनसी सांगून नंतर ‘आम्ही फक्त दिसण्याबद्दल बोललो’ म्हणणे त्याच जातीचे आहे. प्रीमियमची रक्कम आधी न सांगता शेवटच्या पानावर उघड करणे हेही २०२३च्या डार्क पॅटर्न्सच्या (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या संकेतस्थळ-रचनांच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून नमूद आहे. मात्र संकेतस्थळाच्या अटींत प्रीमियमचा दर स्पष्ट लिहिलेला असेल, तर तो मुद्दा दुबळा पडतो, तेव्हा आधी त्या अटी वाचून पाहा.

आता क्रम. प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यांनी ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. त्याच पत्रात विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागा, कारण खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास तो देणे मध्यस्थावर बंधनकारक आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणून आपल्याला नागपूर सोडण्याची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

खामलेकर

वरील सल्ला योग्य आहे, पण समोरचा वकील काय म्हणेल तेही पाहून ठेवावे. आपण जमवलेली नाणी अधूनमधून संग्राहकांच्या ऑनलाइन समूहांवर विकत असाल, तर ‘हे ग्राहक नव्हेत, पुनर्विक्रीसाठी घेणारे व्यापारी आहेत’ असा बचाव नक्की येईल, कारण पुनर्विक्रीसाठी घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. दुसरे असे की, विक्रेता नियमित धंदा न करणारी, घरातले एखादे नाणे विकणारी व्यक्ती असेल, तर ई-कॉमर्सचे नियम तिला लागू होत नाहीत. त्याच खात्यावरून आणखी किती लॉट विकले गेले, ते पान आजच जतन करा.

बोली कशी चढली हेही तपासा. विक्रेत्यानेच खोट्या बोली लावून भाव वाढवला असेल, तर वस्तुविक्री कायद्याच्या कलम ६४नुसार खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते. सिद्ध करणे कठीण, हे खरे. तरीही प्रत्येक लॉटवर तेच एक नाव दुसऱ्या क्रमांकावर थांबत असेल, तर बोलींचा इतिहास संकेतस्थळाकडे लेखी मागायला हरकत नाही.

सीताबर्डीकर

आपणा सर्वांचे आभार. मी आजवर एकही नाणे विकलेले नाही, त्यामुळे तो आक्षेप टिकणार नाही. त्या खात्यावर ‘ओरिजिनल लुक’ शीर्षकाचे पुष्कळ लॉट दिसतात, ते सर्व जतन केले आहेत. एक शंका उरते: विक्रेता आता ‘नाणे आधी परत पाठवा, मग पाहू’ म्हणतो आहे. पाठवावे का?

महालकर

पैसे परत करण्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय मुळीच पाठवू नये. आपल्याकडचा मुख्य पुरावा ते नाणेच आहे, आणि गरज पडल्यास आयोग तेच प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. सराफाकडून वजनाची पावती तारखेसह घ्या, काट्यावर नाणे ठेवलेला फोटो काढा, आणि लिंबू किंवा पावडर लावून ते चकचकीत करण्याच्या भानगडीत पडू नका. नाहीतर खड्डे आम्लाने पडले, असे म्हणायला विक्रेता मोकळा होईल.