पाठ करून गायलेली परभाषा: म्हणे फसवणूक!

जुनी_तबकडी:
'सडेतोड' यांनी परवा लिहिलं की ज्या भाषेत धड पाणी मागता येत नाही, त्या भाषेत गाणं रेकॉर्ड करणारे पॉप गायक श्रोत्यांना फसवतात, सगळा बाजार आहे. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

बाजार आहेच हो, नाही कोण म्हणतंय? जानेवारी १९६४ मध्ये बीटल्स पॅरिसला होते. त्यांच्या कंपनीच्या जर्मन शाखेचा हट्ट, की जर्मनमध्ये गायल्याशिवाय तिकडे तबकड्या खपणार नाहीत. पोरं ठरल्या वेळी स्टुडिओत फिरकलीच नाहीत. शेवटी त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन स्वतः हॉटेलवर जाऊन त्यांना घेऊन आले. 'शी लव्ह्ज यू'ची मूळ टेप हाताशी नव्हती, म्हणून ते अख्खं पुन्हा वाजवलं. इतक्या नाखुशीनं केलेलं काम, पण ऐकून बघा, कुठे अंगचोरी दिसते का. स्वीडनच्या 'आबा' या पॉप गटाच्या दोघी गायिकांनी तर १९८० मध्ये स्पॅनिशमध्ये अख्खा अल्बम केला, उच्चारांवर नजर ठेवायला माणूस बसवून. कॉनी फ्रान्सिस १९६० मध्ये जर्मन गाणं गाऊन जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे उच्चार अमेरिकन आहेत हे तिथल्या लोकांना पहिल्या ओळीतच कळलं असणार. तरी घेतली तबकडी. मग फसलं कोण?

सडेतोड:
ताई, माझं वाक्य अर्धंच उचललंत. माझा आक्षेप 'न समजता' गाण्याला आहे. डेव्हिड बोवीचं 'स्पेस ऑडिटी' घ्या. १९७० च्या इटालियन आवृत्तीत मोगोल या गीतकारानं अंतराळवीरच गाळला आणि एकटा मुलगा, एकटी मुलगी असं प्रेमगीत बसवलं. चाल तीच, आवाज तोच, माल वेगळा. आणि २०१७ चा जस्टिन बीबर? 'देस्पासितो'च्या रेकॉर्डवर झोकात स्पॅनिश. मग एका क्लबमध्ये तेच गाताना शब्द आठवेनात, तर 'ब्ला ब्ला' आणि 'बुरिटो' म्हणून वेळ मारून नेली. ही तुमची मेहनत! वर ते गाणं अमेरिकेत १६ आठवडे पहिलं.

आल्टो_कोपरा:
बीबरवरून सगळ्यांना झोडपू नका. मी वृंदगानात गाते, आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत. जर्मन रचना बसवली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच भाषा येत नव्हती. देवनागरीत लिहून घेतली, पण त्यांचा एक स्वर आपल्या अक्षरांत मावेना: जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. आरशासमोर उभी राहून तोंड दुखेपर्यंत केलं. ओळीच्या शेवटचा 'ट्' सगळ्यांनी एका क्षणी टाकला नाही तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो, त्यासाठी अख्खी तालीम गेली. अर्थ आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. खरं सांगू? 'ट्' जुळल्यावरच तो पोचला. पाणी मला अजूनही मागता येत नाही.

सडेतोड:
वृंदगान म्हणजे पॉप नव्हे. विषय सोडू नका.

नियमनिष्ठ:
खरा गुन्हेगार कुणीच धरला नाही: युरोव्हिजन, ती युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा! १९७३ ला स्वभाषेची सक्ती उठवली आणि १९७४ ला 'आबा' इंग्रजीत गाऊन जिंकले. १९७७ ला सक्ती परत आणली, १९९९ ला पुन्हा काढली. त्या वर्षी जिंकलं कोण? स्वीडनच, आणि इंग्रजीतच. तेव्हापासून सगळे एकाच साच्यातलं इंग्रजी गातात.

तिरपागडा:
सक्ती होती तेव्हा काय न्याय होता? आयर्लंड १९८०, १९८७, १९९२, १९९३, १९९४, १९९६ असं जिंकत सुटलं. त्यांची 'स्वभाषा' इंग्रजी! बाकीच्यांना मात्र मुभा नाही.

नियमनिष्ठ:
आयर्लंडला चांगली गाणी लिहिता येत होती. जळू नका.

तिरपागडा:
जळतोय कोण? त्यांची स्वतःची आयरिश भाषा आहे की. त्या स्पर्धेत ती गायली किती वेळा? एकदा, १९७२ मध्ये. एवढा भाषेचा पुळका होता तर तिथे दाखवायचा होता. आणि सक्ती गेल्यावर २००७ ला सर्बियन, २०१७ ला पोर्तुगीज, २०२१ ला इटालियन, २०२२ ला युक्रेनियन गाणं जिंकलं. कुठे मेली भाषा?

नियमनिष्ठ:
चार नावं फेकून मधली सगळी इंग्रजी वर्षं गिळलीत. तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जुनी_तबकडी:
माझ्या धाग्यावर तुमचं आयर्लंड कुठून उपटलं?

सडेतोड:
मूळ मुद्द्यावर येतो. क्यू साकामोतोचं जपानी गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं, जपानीतच. नेनाचं फुग्यांचं गाणं तिथे मूळ जर्मनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मग परभाषेची ही कसरत हवीच कशाला?

जुनी_तबकडी:
तेच नेनाचं गाणं १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये इंग्रजीत पहिलं आलं, ते सोयीस्कर विसरलात. बरं, आता सेलेनाबद्दल बोला. टेक्ससमध्ये इंग्रजीत वाढलेली मुलगी. वडील स्पॅनिश गाणी पाठ करून घ्यायचे, ती जशीच्या तशी गायची. त्याच गाण्यांनी ती तेहानो, म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या संगीताची राणी झाली. फसवणूक?

सडेतोड:
सेलेनाची गोष्ट निराळी. घराण्याची भाषा होती ती, आणि पुढे तिनं स्पॅनिश आत्मसात केली. शि-क-ली.

आल्टो_कोपरा:
म्हणजे सुरुवात पाठांतरानं केलेली चालते तर.

सडेतोड:
चालते. घ्या, लिहून दिलं, फ्रेम करून लावा. बीबरला नाही चालत.

आल्टो_कोपरा:
बीबरला मीही घेणार नाही आमच्या आल्टोत.

नियमनिष्ठ:
जाता जाता: स्वभाषेचा नियम मुळात १९६६ पासूनचा, त्याआधी नव्हताच. इथे कुणाला पडलेली नाही हे माहीत आहे, पण नोंद असावी.

तिरपागडा:
म्हणजे सुरुवातीची दहा वर्षं तुमच्या सक्तीवाचून निभावलं होतं!