विशबोन ब्रायंटची नव्हे

अमेरिकन फुटबॉलमधली ‘विशबोन’ ही आक्रमणाची रचना अलाबामा विद्यापीठाचा प्रशिक्षक बेअर ब्रायंटने शोधली, असं म्हटलं जातं; ते तेवढं दुरुस्त करतो. ती टेक्सस विद्यापीठाच्या संघाची, १९६८ची. मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल, पण डोकं त्याचा सहायक एमरी बेलार्ड याचं. ब्रायंटने १९७१मध्ये ती रॉयलकडूनच शिकून घेतली.

चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक, त्याच्या मागे दोन बाजूंना दोन हाफबॅक; हे तिघे चेंडू घेऊन धावणारे. वरून पाहिलं तर कोंबडीच्या छातीचं दुबेळकं हाड, म्हणून हे नाव. खरी गंमत अशी की बचावफळीतल्या एका खेळाडूला मुद्दाम कुणीच अडवत नाही. तो फुलबॅकवर धावला तर क्वार्टरबॅक फुलबॅकच्या पोटाशी धरलेला चेंडू काढून घेतो, जागेवर थांबला तर फुलबॅकलाच देतो. पुढे कडेचा बचावपटू अंगावर आला की चेंडू मागून धावणाऱ्या हाफबॅककडे. दुसरा हाफबॅक वाट मोकळी करत पुढे असतो.

सुरुवात मात्र फसली: ह्यूस्टनशी २०-२० बरोबरी, मग टेक्सस टेककडून हार. फुलबॅक फार जवळ उभा असल्याने क्वार्टरबॅकला निर्णयाला वेळच मिळेना. रॉयलने फुलबॅकला थोडं मागे सरकवलं आणि क्वार्टरबॅक म्हणून जेम्स स्ट्रीटला आणलं. त्यानंतर सलग ३० विजय! ती मालिका १ जानेवारी १९७१ला कॉटन बोल या सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाने २४-११ अशी तोडली.

धोका दोन ठिकाणी: फुलबॅकच्या पोटाशी चेंडू दोघांच्या हातात असतो तो क्षण, आणि बाजूला फेकलेला चेंडू. दोन्हीकडे तो निसटतो. शिवाय मोठी पिछाडी भरून काढायला ही रचना कुचकामी, कारण लांब पासचा सराव जेमतेमच होतो.